हात वाळेपर्यंत

बस करकचून थांबली आणि मी पडले नाही. झालं ते एवढंच. बाकीचे सगळे आपापल्या परीनं पुढं गेले, कुणी समोरच्या सीटवर आदळलं, कुणाचा डबा हातातून सुटून थेट ड्रायव्हरपर्यंत घरंगळत गेला. माझ्या डाव्या कडेवर गुंडी, खांद्यावर तिच्या कपड्यांची पिशवी आणि उजवा हात वरच्या दांडीला. पाय सुटले. मोजायला गेलं तर सेकंदभरही नसेल, पण तेवढा वेळ आम्ही दोघी त्या एका हातावर लोंबकळत होतो. मग बस मागं हेलकावली, माझे पाय खाली टेकले, आणि गुंडी खिदळली, कारण तिला वाटलं मी मुद्दामच केलं. ड्रायव्हर खिडकीतून कुणाचा तरी उद्धार करत होता. मी माझ्या हाताकडं बघत होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि अंगठा बोटांवरून घट्ट वळलेला होता, अगदी काकांनी शिकवला होता तसा. हातानं मला काही विचारलं नव्हतं. अकरा महिने मी या शरीराशी जरा जपून, दुसऱ्याकडून मागून आणलेल्या वस्तूशी वागावं तशी वागत होते. वाकताना, खोकताना, जिना उतरताना. आणि हा हात मात्र कुठंतरी आत, कुणाला न सांगता, तसाच राहिला होता.

गुंडीला पाळणाघरात सोडलं आणि कामावर गेले. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा बसवते. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, खाचेत बसवायची आणि मग कडेचा स्क्रू पिळायचा. हा स्क्रू तिळाएवढा असतो. खाली पडला की तो गेलाच म्हणायचं. त्या दिवशी माझे दोन पडले. उजवा तळवा गुणगुणत होता. आपल्या अंगाचा एखादा भाग आपल्याआधी जागा झालाय आणि आपण उठायची वाट बघत बसलाय, असं काहीतरी. दुपारी डबा खायच्या आधी मी काकांना फोन लावला.

"काका, शर्यतीत जागा आहे का अजून?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुझा फॉर्म गेल्याच महिन्यात भरलाय मी. म्हटलं आठवेल तेव्हा आठवेल बाईला. रविवारी ये. आणि नखं कापून ये."

काका म्हणजे प्लंबरकाका. वय अठ्ठावन्न, धंदा नळाचा, आणि पंजा असा की गंजलेली नटं पान्याच्या आधी त्यांचा हातच सोडवतो. आमच्या अडथळ्यांच्या शर्यतीवाल्यांच्या टोळीत आम्ही वीस-बावीस जण आहोत. नदीकाठच्या मोकळ्या मैदानात रविवारी सकाळी जमायचं. दोर चढायचा, वाळूची पोती खांद्यावर घेऊन टेकडीला फेरी मारायची, एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन भिंत ओलांडायची. बाहेरच्याला हे सांगायला गेलं की तो हमखास विचारतो, "पण कशासाठी?" माझ्या सासूबाईंनी तर पहिल्यांदा ऐकून म्हटलं होतं, "चिखलात लोळायला बाहेर कशाला जायला हवं? आमच्या मोरीचा पाइप तुंबलाय, तो काढ." काकांना हे सांगितलं तेव्हा ते पुढच्या रविवारी खरंच येऊन पाइप काढून गेले. तेव्हापासून सासूबाई आमच्या खेळाला नावं ठेवत नाहीत.

शर्यतीत एक पद्धत आहे. सुरुवातीला प्रत्येकाच्या मनगटावर कापडी बँड बांधतात, एकदा आवळला की न सुटणारा. अडथळा जमला नाही तर पुन्हा करायचा, हवा तितक्या वेळा, तो अडथळा बंद व्हायची वेळ होईपर्यंत. पण "आता नाही होत" असं म्हटलंत, किंवा वेळ संपली, की तिथला पंच कात्री काढतो आणि बँड कापतो. पुढं धावायला कुणी अडवत नाही. शेवटच्या रेषेपर्यंत जा, पदक घ्या, केळं खा. फक्त मनगट मोकळं असतं. ज्यांचा शाबूत राहतो ते तो काढत नाहीत; महिना-महिना आंघोळीत, कामावर, लग्नात, तो आपोआप विरून गळेपर्यंत घालून हिंडतात. मी आठ शर्यती धावले होते आणि सात बँड असे गळून पडू दिले होते. आठवा कापला गेला. लटकत पार करायच्या रिंगांवर. तेव्हा मला माहीतच नव्हतं की सहा आठवड्यांची गुंडी पोटात आहे. फक्त मळमळत होतं, आणि तिसऱ्या रिंगेवर डोळ्यांपुढं आकाश आडवं झालं. पंचाला मीच मनगट पुढं केलं. पंधरवड्यानं दवाखान्यात कळलं तेव्हा आनंदात लगेच दुसरा विचार काय आला, तर म्हणजे तो बँड आम्हा दोघांचा कापला. हे मी नवऱ्याला सुद्धा सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. पण ते तिथंच होतं, दाताच्या फटीत अडकलेल्या तुसासारखं, आणि त्या दिवशी बसमध्ये मी लोंबकळले तेव्हा जीभ पुन्हा बरोबर तिथं गेली.

त्यानंतरचे पाच आठवडे घरातल्या दाराच्या चौकटीत बसवलेल्या दांडीवर गेले. पहिल्या दिवशी अकरा सेकंद. नवरा एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात गुंडी घेऊन उभा राहायचा आणि आकडे मोठ्यानं म्हणायचा, तेही लबाडी करून, आठ झाल्यावर पुन्हा सात. "तू लटक निवांत," म्हणायचा, "मी तोवर हिचे कपडे वाळत घालतो." फिजिओथेरपिस्टनं बाळंतपणानंतर पोटात बोटं रुतवून म्हटलं होतं, स्नायूंच्या मधे अडीच बोटांची फट आहे; मला ती फट रात्री कूस बदलताना जाणवायची, दोन गाद्यांच्या मधली जागा जाणवते तशी. आता दीड बोट उरली होती. अकराचे वीस झाले, वीसचे चाळीस. लटकताना वरून घर वेगळं दिसायचं. कपाटावरची धूळ दिसायची. गुंडी खाली रांगत येऊन माझ्या पायाचा अंगठा धरायची, आणि तिचं ते इवलंसं वजन मला खाली ओढतंय की धरून ठेवतंय हे नीट कळायचं नाही. चांगले दिवस होते ते. मला तेव्हाही कळत होतं की चांगले आहेत.

शर्यतीच्या सकाळी ऊन लवकर चढलं. गाडीच्या मागच्या सीटवर मी गुंडीला पाजलं, तिचं सगळं आवरलं, तिला नवऱ्याच्या हवाली केलं आणि हात धुऊन रांगेत उभी राहिले. दंडावर मार्करनं आकडा काढून घेतला, सहाशे चौदा. मनगटावर बँड आला. निळा. बांधणारी बाई तो आवळत होती तेव्हा मला दुसरीच पट्टी आठवली. बाळंत झाले तेव्हा दवाखान्यात माझ्या मनगटावर एक प्लॅस्टिकची पट्टी होती आणि तशीच एक, बोटाएवढी, गुंडीच्या घोट्यावर. दोन्हींवर एकच आकडा. दर वेळी बाळ आणून देताना नर्स दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायची, आणि जुळले की बाळ मिळायचं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना तिनं कात्री घेतली, आधी गुंडीची कापली, मग माझी, आणि म्हणाली, "आता ओळखाल ना एकमेकींना?" ती गमतीनं म्हणाली. मी रडायला लागले. नवऱ्याला वाटलं टाके दुखतायत, तो उशी शोधत फिरला. मला रडू आलं ते त्या कच्चकन झालेल्या आवाजाचं. वाटलं, आता आकडा नाही, आता जुळतंय की नाही हे कोण सांगणार?

भिंती झाल्या. तारेखालचा चिखल झाला. बाळ रांगतं तसंच रांगायचं असतं त्यात, आणि या कलेचं निरीक्षण मी महिनाभर रोज केलेलं होतं, त्यामुळं पोट उचलायचं नाही, कोपर बाहेर ठेवायचं, हे सगळं गुंडीचं तंत्र वापरून मी दोन पुरुषांना मागं टाकलं. पोती झाली, दोर झाला. आणि मग रिंगा. उंच आडव्या खांबाला टांगलेल्या सात रिंगा, पलीकडं घंटा. सातही पार करून हातानं घंटा वाजवायची. साडेबारा वाजले होते. अडथळा दोनला बंद.

तिथल्या पंच एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, आमच्यातल्याच एकाची बायको, पन्नाशीच्या. आयोजकांनी दिलेली लहान कात्री त्यांना पसंत नव्हती, म्हणून दुकानातली आपली मोठी, काळ्या मुठीची कात्री गळ्यात अडकवून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. सगळे त्यांना कात्रीवाल्या ताई म्हणत होते आणि त्या ओ देत होत्या.

पहिल्या वेळी मी तिसऱ्या रिंगेवरून पडले. दुसऱ्या वेळीही तिसरीच. हात सुटत नव्हता, घसरत होता. पकड होती आणि पकडीच्या आतून रिंग निघून जात होती. असं मला कधी झालं नव्हतं. रिंगांच्या खाली कडेला जरा सावली आहे, तिथं पडलेले लोक बसतात, हात वाळवत, पुढच्या खेपेची वाट बघत. काकांनी त्या जागेचं नाव माहेर ठेवलंय. हवं तितका वेळ बसा, कुणी हाकलत नाही, कुणी काही काम सांगत नाही. काका तिथंच होते. ते आपले रिंगांवरून पार होऊन पुन्हा परत येऊन बसतात, गप्पांसाठी.

"काका, हात सुटतोय. म्हातारी झाले का मी?"

"दाखव." त्यांनी माझा तळवा उलटा केला, बोटानं चोळला, मग चक्क वास घेतला. "हे काय लावलंस?"

मीही वास घेतला, आणि कळलं. मलम. सकाळी गुंडीच्या लाल झालेल्या ढुंगणाला जे पांढरं मलम लावते ते. पाणी लागलं तरी निघू नये म्हणूनच ते बनवलेलं असतं. मी गाडीपाशी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले होते, म्हणजे न धुतल्यासारखेच. घट्ट्यांच्या भेगांत ते जाऊन बसलं होतं. चुना, चिखल, ऊन, पाऊस, सगळ्यावर इलाज माहीत असलेले काका खो-खो हसायला लागले. "पंचवीस वर्षं झाली," ते ताईंना ओरडून सांगत होते, "हात सुटायची सगळी कारणं ऐकली! हे पहिल्यांदाच!" मग त्यांनीच ओंजळभर कोरडी माती आणून दिली आणि म्हणाले, भांडी घासतेस तसे घास. मी घासले. माती बदलून तीनदा घासले. रिंगांवरच्या तिसऱ्या खेपेला हात धरायला लागला, पाचवीपर्यंत गेले, आणि पाचवीवर डाव्या तळव्याची कातडी नाण्याएवढी सुटली. खाली चिखलात बसले. एक वाजून गेला होता.

"सहाशे चौदा, तीन झाल्या तुमच्या," ताई म्हणाल्या. "मनगट देताय का?"

"नाही."

"मग बसा. मला काय, मी दोनपर्यंत आहेच."

मी बसले. आणि इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही कारण ती लाज वाटण्यासारखी होती. मी सुखात होते. हात जळत होता, बँड जायच्या बेतात होता, आणि तरी वर्षभरात पहिल्यांदा माझ्यावर एकच काम होतं, तेही हात वाळवायचं. हात उताणे करून मांडीवर ठेवायचे आणि ऊन लागू द्यायचं. कुणी रडत नव्हतं, दुधावर साय धरत नव्हती, कुणाला चष्मा चारपर्यंत नको होता. शेजारी एक माणूस उठला, ताईंपुढं गेला, कात्रीचा कच्च आवाज झाला आणि तो हसत, मनगट चोळत पुढं धावत गेला. माझ्या अंगावर काटा आला. पण तोही क्षणभर. मग पुन्हा ऊन, माती, शिट्ट्या, वर रिंगांचा किणकिणाट. आईपण सुरू झाल्यापासून मी कुठंही अशी बसलेच नव्हते, बसले तरी उठायच्या तयारीतच. आणि नेमकं तेव्हाच, छाती दुधानं दाटून आली. अंग घड्याळापेक्षा नेमकं असतं. मी मान वळवली तर शर्यतीची हद्द दाखवणाऱ्या फितीच्या पलीकडून नवरा येत होता आणि त्याच्या खांद्यावर गुंडी, लालबुंद, रडून आवाज बसलेला.

"सगळं करून पाहिलं," तो म्हणाला. "केळं, पाणी, किल्ल्या, कावळे. तिला तूच पाहिजेस."

प्रश्न असा होता की फितीबाहेर पाऊल टाकलं की मी बाद. आणि बाहेरून काही घ्यायचं नाही. पाणी नाही, खाणं नाही, हातमोजा नाही. नियमच आहे. ताईंनी कात्री गळ्यातच ठेवून खिशातून नियमांचा कागद काढला आणि चष्मा वर-खाली करत वाचायला लागल्या. चष्म्याची डावी दांडी सैल होती, माझं लक्ष तिथंच गेलं.

"बाहेरची मदत घेता येत नाही, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"अहो, ती घेतेय कुठं?" काका म्हणाले. "ती देतेय!"

"तसं नाही हो. उद्या कुणी म्हणालं तर?"

"काय म्हणेल? हिनं मूल वापरलं?"

माहेरातले सगळे आता तोंड उघडून ऐकत होते. कुणी म्हणालं, मुलाला नंबर द्या. कुणी म्हणालं, मूल म्हणजे वजनच, वजन उचलायला कुठं बंदी आहे. गुंडी हंबरडा फोडत होती. ताईंनी कागदाची दुसरी बाजूही वाचली, मग घडी घालून खिशात ठेवली. "नियमात मूल नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आतच बसा. ते आत येईल. पण बापानं फीत ओलांडायची नाही हं, मी कात्री चालवीन."

नवऱ्यानं फितीवरून गुंडी दिली. मी खांबाच्या सावलीत पाठ करून बसले. ताईंनी खुर्चीवरची आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. गुंडी प्यायला लागली आणि गप्प झाली, मधे एकच हुंदका, उशिरा आलेला, जणू हिशेबात राहून गेलेला. मी चिखलाची होते, फक्त तिच्यापुरती जागा नवऱ्याच्या रुमालानं पुसली होती. तिनं एक हात मोकळा सोडला, तो हवेत फिरला, निळा बँड सापडला आणि तिनं त्याच्याखाली बोट घातलं. माझं मनगट आणि बँड यांच्यामध्ये तिचं बोट. ती ओढत होती, दूध पीत होती आणि माझ्याकडं बघत होती. मला नर्स आठवली. ओळखाल ना? वर कुणीतरी रिंगांवरून जात होतं, सावल्या आमच्यावरून जात होत्या, आणि मी मनात म्हटलं, हो, ओळखतो. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं माझ्या हातांनी दुसरं काहीच केलं नाही. गुंडी झोपली तेव्हा दोनला दहा कमी होते.

ती फितीपलीकडं गेली. मी माती घेतली. डाव्या तळव्याला काकांनी नळाला गुंडाळायची पांढरी टेप लावून दिली. ते सगळीकडं तीच लावतात, आणि ती खिशात आधीपासून असल्यामुळं बाहेरची नव्हती. वेळ फक्त एकाच खेपेपुरता होता. अंग हलकं होतं, अगदी खरोखरीचं हलकं, आणि उडी मारून पहिली रिंग धरली तेव्हा खांदे उघडले. दुसरी. झोका खालून येऊ द्यायचा, हातानं ओढायचं नाही. तिसरी, इथं आकाश आडवं झालं होतं, आज ते होतं तिथंच राहिलं. चौथी. काका ओरडत नव्हते, ते कधी ओरडत नाहीत. पाचवीवर टेप सरकली, खालचं ओलं मांस रिंगेला लागलं आणि दुखणं कोपरापर्यंत आलं. मी एक झोका वाया घालवला, मग दुसरा. तिसऱ्या झोक्याला जावंच लागतं, नाहीतर अंग दगड होतं. सहावी. बोटं उघडायला लागली होती, एकेक, करंगळीपासून. मला बस आठवली. तेव्हा मी धरलं नव्हतं, धरलं गेलं होतं. कडेवर ही होती म्हणून. मी कडेवरचं ते वजन आठवलं, डावीकडं, बरगडीखाली, त्या दीड बोटाच्या फटीच्या बाजूला, आणि अंग त्या वजनाभोवती आवळलं गेलं. सातवी. मग घंटा, इतकी जोरात की फितीपलीकडं गुंडी दचकून उठली आणि तिनं पुन्हा भोकाड पसरलं.

"दोनला दोन कमी," ताई म्हणाल्या. मी त्यांच्यापुढून पाय ओढत गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, बँड बोटानं फिरवून पाहिला, कापडाची पारख करावी तसा. "शिवण चांगली आहे," म्हणाल्या. "महिनाभर जाईल."

"ताई, चष्मा घेऊन दुकानात या. दांडी कसून देते."

"आधी पळा, वेडाबाई. अजून दोन टेकड्या आहेत."

मंगळवारी मी नेहमीच्या बसला चढले. डाव्या हाताला पट्टी, मनगटावर निळा बँड, कडेवर गुंडी, केसांच्या मुळाशी अजून थोडी माती. पुढच्या सीटवरच्या एक बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पायाशी भाजीच्या दोन जड पिशव्या, माझ्याकडं बघून उठल्या.

"बसा तुम्ही."

"नको, नको. उभी राहते मी."

"अहो बसा. मनगटावरची पट्टी सुद्धा काढली नाही अजून. कालच सोडलं का घरी?"

"ही दवाखान्याची नाही," मी म्हटलं. "शर्यतीची आहे."

"कसली शर्यत?"

"अडथळ्यांची. भिंती चढायच्या, तारेखालून सरपटायचं, रिंगांना लटकत जायचं."

त्यांनी बँडकडं पाहिलं. माझ्या तळव्याकडं पाहिलं. मग गुंडीकडं, जी एव्हाना माझं कानातलं तोंडात घालायच्या प्रयत्नात होती.

"मूल केवढं?"

"वर्षाचं झालं आता."

"मग बसाच," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी वरची दांडी धरली, चार बोटं वरून, अंगठा खालून येऊन बोटांवर घट्ट वळवलेला. पुढच्या चौकात बस करकचून थांबली, सगळे पुढं गेले, आणि त्या होत्या तिथंच राहिल्या. पिशव्यासुद्धा हलल्या नाहीत, त्यांनी त्या दोन पायांत धरल्या होत्या. रविवारी काकांना सांगायचं ठरवलं. गुंडीनं बँडचं टोक शोधून चावायला घेतलं होतं. उजवा हात मी तिला दिला, आणि डावा मांडीवर उताणा ठेवला, खिडकीतून ऊन येत होतं तिथं.